पैलवानाच्या बायकोच्या काठ्या

"ह्या काय बकऱ्या हाकायला आणल्यात, मॅडम?"

आमचे हे कॉटवर उशीला पाठ टेकून बसले होते. समोर ऋतुजा मॅडम उभ्या होत्या, हातात दोन सडपातळ काठ्या घेऊन. ह्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायला त्या आठवड्यातनं दोनदा घरी यायच्या. वयानं आमच्या धाकट्या लेकीहून लहान, पण मोठी चिवट पोरगी. काठ्यांना वर बुचाची मूठ होती, मनगटात अडकवायला पट्टा होता आणि खाली रबराचं टोपण.

"पैलवान, ही म्हातारपणाची काठी नव्हे," मॅडम म्हणाल्या. "ह्या व्यायामाच्या काठ्या आहेत. एका काठीवर माणूस वाकतो, दोन काठ्यांवर ताठ राहतो. हातातली ताकद पायांच्या मदतीला येते. आणि तुमच्या हातात ताकद काय कमी आहे?"

"माझ्या पायांना मदत?" ह्यांनी मांडीवर हात ठेवला. "ह्या पायांनी खासबागेच्या मैदानात भलीभली माणसं पाडल्यात."

"म्हणून तर म्हणते, त्यांना परत मैदानात न्या."

हे भिंतीकडं तोंड करून बसले. विषय संपला.

हिंदुराव पैलवान म्हटलं की त्या काळी कोल्हापुरातल्या अख्ख्या शिवाजी पेठेला माहीत. नाव सांगितलं की रिक्षावाला थेट दारात आणून सोडायचा. त्या माणसाचा आदल्या दिवाळीत मोरीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळी बसली, हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता आमच्याकडनं काही करायचं शिल्लक नाही, चाला. न चालाल तर पाय वाळून जातील, मग मात्र कायमचं अंथरूण. पण हे घरातल्या घरात भिंत धरून मोरीपर्यंत जायचे आणि परत येऊन पडायचे. उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. वॉकर आणला होता, तो दाराआड घडी घालून पडला. तालमीतली माणसं भेटायला आली की हे कॉटवर छाती काढून बसायचे. ती जाईपर्यंत उठायचे नाहीत, लघवीला लागली तरी दाबून धरायचे. उठताना कुणी बघितलेलं त्यांना चालायचं नाही.

मॅडमनी काठ्या कोपऱ्यात ठेवल्या आणि माझ्याकडं बघितलं. तोंड उतरलं होतं बिचारीचं. मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "मला तरी दाखवा कशा धरायच्या त्या. मग मी ह्यांना शिकवीन."

परसात आम्ही दोघी गेलो. मॅडमनी काठ्या फिरवून माझ्या उंचीला आखूड केल्या. कोपर काटकोनात आलं पाहिजे म्हणाल्या. उजवा पाय पुढं तेव्हा डावा हात पुढं. काठी समोर रोवायची नाही, ती तिरपी मागं टेकायची आणि रेटायची. नावेतला माणूस वल्हं मागं सारतो तशी. पहिल्या खेपेला माझी एक काठी पायात आली आणि मी तुळशीकट्ट्यावर जाऊन आदळले. घरातनं ह्यांचा आवाज आला, "काय पाडलीस?"

"काय न्हाई, मीच पडले!"

आम्ही दोघी खूप हसलो. हे काही हसले नाहीत.

मी हे सगळं ह्यांच्यासाठी करत होते, खरंच. रोज सकाळी परसात चार फेऱ्या मारायच्या, कॉटवरनं खिडकीतनं दिसेल अशा. म्हणजे बघून तरी मनात येईल. पण झालं भलतंच. माझेच गुडघे, जे जिना चढताना एकेका पायरीला कुरकुरायचे, ते हळूहळू गप्प झाले. पाठ सरळ झाली. आणि मला त्या चालण्याची चटकच लागली. परस पुरेना म्हणून गल्लीत गेले, गल्ली पुरेना म्हणून रंकाळ्यावर. सकाळची ती गार हवा, पाण्यावर धुकं, आणि माझ्या काठ्यांचा टक-टक, टक-टक असा ताल. सासष्ट वर्षांची बाई मी, पण असं वाटायचं की कुणी मागनं हलकं ढकलतंय आणि आपण नुसतं जायचं.

लोक बघायचे, हसायचे. कॉलेजातल्या पोरी विचारायच्या, "आज्जी, बर्फावरनं घसरायच्या काठ्या घेतल्यात, बर्फ कुठं पडलाय?" मी म्हणायचे, "वर पन्हाळ्याला. येताय काय?" माझं काही बिघडायचं नाही.

बिघडलं ते घरी. तालमीतला कुणीतरी चहा पिता पिता बोलून गेला, "पैलवान, वैनी दोन-दोन काठ्या घेऊन रंकाळ्याला दिसल्या. बऱ्या हायत न्हवं?"

तो गेला आणि हे कडाडले.

"उद्यापास्नं त्या काठ्या घराबाहेर जाणार न्हाईत."

"का?"

"लोकं म्हणाय लागल्यात, पैलवानाची बायको काठ्या टेकत हिंडतीया."

"टेकत न्हाई, रेटत."

"मला शब्द शिकवू नकोस!"

"मग तुम्ही घ्या," मी म्हटलं. "तुमच्यासाठीच आणल्यात. तुम्ही घेतल्या की मी सोडीन."

त्यांनी तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या वेळेला उठले, काठ्या घेतल्या आणि गेले. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली होती. त्यांचं ऐकलं नाही असं मला तरी आधीचं काही आठवत नव्हतं. रस्त्यानं जाताना छाती धडधडत होती, पण भीतीनं नव्हे.

त्याच सुमारास रंकाळ्यावरच्या एका मंडळानं ज्येष्ठांसाठी चालण्याची शर्यत ठेवली. रंकाळा टॉवरपासनं निघायचं, तळ्याला एक पूर्ण फेरी मारायची आणि परत टॉवरपाशी. पळायचं नाही, चालायचं. बायकांत आदल्या वर्षी विमलताई सरनोबत पहिल्या आल्या होत्या. बँकेतनं निवृत्त झालेल्या, उंच, सडसडीत, गुलाबी टोपी घालून झपाझपा चालायच्या. मला रोज ओलांडून जाताना म्हणायच्या, "येते हं, शालनताई!" एवढंच म्हणायच्या, पण असं म्हणायच्या की अंगाला झोंबायचं.

एका सकाळी त्या म्हणाल्या, "शर्यतीत नाव देताय की नाही? बघायला तरी या."

मी तिथनं थेट मंडळात गेले आणि नाव देऊन आले.

घरी सांगितलं तेव्हा हे जेवत होते. घास हातातच राहिला. आठवडाभर बोलले नाहीत. शर्यतीच्या दिवशी पहाटे मी चहा त्यांच्याजवळ ठेवला, पदर कमरेला खोचला आणि उंबऱ्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधायला लागले. नवे कॅनव्हासचे बूट होते, पांढरे. साडीखाली ते बघून मलाच हसू येत होतं.

"कुठं?" मागनं आवाज आला.

"शर्यतीला."

"हरलीस म्हंजे?"

"हरेन."

"माझं नाव घालवशील."

मी नाडी ओढून घट्ट बांधली. "माझं नाव शालन हाय. गेलं तर ते जाईल."

दार ओढून घेतलं आणि निघाले. गल्लीच्या टोकाला येईपर्यंत मागं वळून बघायचं नाही असं स्वतःला बजावत होते.

टॉवरपाशी हीऽ गर्दी! लाउडस्पीकर लावलेला, पताका लावलेल्या, केळी वाटणं चाललेलं. धोतरवाले, सफारीवाले, नऊवारीतल्या दोघी-तिघी, ट्रॅकसूटमधल्या काही. शर्यतीचे पंच होते कुंभार सर. शाळेत कवायत शिकवायचे, निवृत्त झाले तरी गळ्यात शिट्टी आणि पाय जुळवून उभं राहणं सुटलं नव्हतं.

मी रेषेवर जाऊन उभी राहिले आणि विमलताई पुढं आल्या. "सर, हे चालतंय काय? आम्ही दोन पायांवर चालायचं आणि ह्या चार पायांवर?"

आजूबाजूचे हसले. माझे कान गरम झाले.

सर माझ्या काठ्यांकडं बघत राहिले. एक हातात घेतली, टेकून बघितली, वजन बघितलं. "ह्यांना चाकं हाईत काय?"

"न्हाईत," मी म्हटलं.

"आत स्प्रिंग-बिंग?"

"काय न्हाई ओ सर. नुसती काठी हाय."

"मग चालू दे," सर म्हणाले. "ज्येष्ठांच्या शर्यतीत काठी चालत न्हाई म्हटलं तर निम्मी माणसं घरी पाठवाय लागतील. एक नियम ध्यानात ठेवा सगळ्यांनी. दोन्ही पाय एकदम जमिनीवरनं सुटले की बाद."

शिट्टी झाली.

मी मुद्दामच सावकाश निघाले. मॅडमनी सांगितलं होतं, आधी श्वास आणि काठ्या एका तालात येऊ द्या, मग जोर लावा. माझ्या पुढनं सगळे भराभर गेले. गुलाबी टोपी तर कुठल्या कुठं पोचली. कुणीतरी कठड्यावरनं ओरडलं, "आज्जी, बकरी पुढं गेली तुमची!" मी ऐकलं आणि सोडून दिलं. उजवा पाय, डावा हात. डावा पाय, उजवा हात. रेट, सोड. रेट, सोड.

शालिनी पॅलेसच्या अलीकडं पहिली बाई मागं पडली. मग दुसरी. घाईघाईनं निघालेल्यांची धाप आता ऐकू यायला लागली होती आणि माझा ताल नुकता कुठं लागत होता. पॅलेसच्या झाडांच्या सावलीतनं मी अशी काही गेले, अशी गेले, की एक धोतरवाले आजोबा थांबून म्हणाले, "आयला!" मला मनातनं उकळ्या फुटत होत्या. पुढं अजून एक जोडी. तीही मागं टाकली. आता गुलाबी टोपी दिसायला लागली. लांब, पण दिसत होती.

तळ्याच्या मागच्या बाजूला मात्र ऊन तोंडावर आलं. तिथं बघायला कुणी नव्हतं, पताका नव्हत्या, नुसता रस्ता आणि बाजूला पाणवनस्पतीचा वास. डाव्या गुडघ्यात एक कळ आली. घसा कोरडा पडला. टोपी आहे तेवढीच लांब राहिली. जवळ येईना. मनात आलं, कशाला हा खटाटोप? दुसरी आले तरी काय वाईट? घरी जाऊन भाकरी टाकायच्याच आहेत.

आणि तेवढ्यात हलगी वाजली.

मी दचकले. कडकड कडकड, कडाड कडकड. तो आवाज मी कुठंही ओळखला असता. आमच्या माडीवरच्या खिडकीतनं, वारा तिकडनं असला की, खासबागेच्या मैदानातनं तो यायचा. माझं सगळं तरुणपण तो मी चुलीपाशी ऐकला. मैदानात बायकांनी जायचं नाही. मी ह्यांच्यासाठी थंडाई वाटली, बदाम भिजवले, तूप कढवलं, अंगाला लावायला तेल तापवलं. पण ह्यांची एकसुद्धा कुस्ती कधी डोळ्यांनी बघितली नाही. हलगी जोरात झाली की कळायचं, आता भिडले. मग एकदम माणसांचा गलका उठायचा, आकाश फाटल्यासारखा. पण त्या गलक्यात ह्यांनी पाडलं की ह्यांना पाडलं, ते घरात बसून कळायचं नाही. पदराचं टोक तोंडात धरून मी दाराआड उभी राहायची. गल्लीत गुलाल दिसला की मग श्वास सोडायची.

तीच हलगी आज माझ्या वाटेवर वाजत होती.

वळणावर एक रिक्षा उभी होती. शेजारी यल्लाप्पा आवळे, गळ्यात हलगी अडकवून. एके काळी कोल्हापुरातलं कुस्त्यांचं मोठं मैदान त्याच्या हलगीशिवाय होत नसे. आता रिक्षा चालवायचा. मला बघून त्यानं हलगी आणखी वर उचलली.

"वैनी! चला, वैनी! पैलवानांनी सकाळी सकाळी फोन केला. म्हणलं हलगी घे आनि ये!"

मी रिक्षात बघितलं. मागच्या सीटवर आमचे हे बसले होते. धुतलेलं पांढरं शर्ट, डोक्याला टोपी. वर्षभरानं मी त्यांना घराबाहेर बघत होते. बाहेर म्हणजे, रिक्षाच्या आत. मला बघून हसले नाहीत की हात केला नाही. माझ्या पायांकडं आणि काठ्यांकडं निरखून बघत होते, तालमीतला वस्ताद नव्या पोराकडं बघतो तसं.

मी पुढं निघाले. मागनं रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला. ती माझ्या बरोबरीला आली आणि ह्यांनी डोकं बाहेर काढलं.

"खांदं कशाला वर घेतीयास? पाड खांदं!"

मी खांदे पाडले.

"पायाकडं बघू नकोस, टोपीकडं बघ. त्या बाईची टाच जड पडाय लागलीया. दमलीया ती!"

खरंच की! मी बघितलं, विमलताईंची मान एका बाजूला कलत होती. रिक्षा पुढं गेली, लांब जाऊन थांबली आणि पुन्हा हलगी सुरू झाली. मी तिथं पोचले की ती पुन्हा पुढं. असं करत करत त्या आवाजानं मला ओढत नेलं. कळ कुठं गेली, तहान कुठं गेली, काही कळलं नाही. अंगात वारं भरल्यासारखं झालं होतं. जावळाच्या गणपतीपाशी आले तेव्हा गुलाबी टोपीखालचे पांढरे केससुद्धा दिसत होते.

विमलताईंनी मागं वळून बघितलं. त्यांच्या तोंडावरचा तो विश्वास न बसल्याचा भाव मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"आली काय गं तू!" एवढंच त्या म्हणाल्या आणि कंबर कसून निघाल्या. बाई खरी लढाऊ. मला वाटलं होतं आता दमली, पण तिनं कुठनं जोर आणला देव जाणे. मी दोन हात मागं, कधी एक हात मागं. चौपाटीपाशी बघणाऱ्यांची गर्दी सुरू झाली. भेळवाले गाडा सोडून पुढं आले. "काठीवाली! काठीवाली आली!" कुणी विमलताईंच्या नावानं ओरडत होतं, कुणी माझ्या. आयुष्यात पहिल्यांदा इतकी माणसं माझ्याकडं बघून ओरडत होती आणि मला लाज वाटत नव्हती. मला ते हवं होतं. अजून हवं होतं.

समोर टॉवर. टॉवरपाशी आडवी धरलेली लाल फीत. आणि फितीच्या बरंच अलीकडं, कठड्याला लागून, ती रिक्षा.

हे खाली उतरले होते. एका हातानं रिक्षाची दांडी धरून उभे होते. इतक्या माणसांत, उघड्यावर. मी आणि विमलताई खांद्याला खांदा लावून त्यांच्यासमोर आलो तेव्हा त्यांच्यानं राहवलं नाही. त्यांनी दांडी सोडली आणि दोन्ही हातांनी शड्डू ठोकला. असा ठोकला की बंदुकीचा बार उडावा.

पण दांडी सुटली तसा तोल गेला. पाय लटपटला, अंग एका बाजूला झुकलं. यल्लाप्पाच्या हातात हलगी, तो धरणार कसा? हे कठड्यावर आदळले.

माझे पाय आपोआप मंदावले. काठी मागं जायची ती पुढंच राहिली.

"थांबलीस तर बघ!" हे गरजले. कठडा दोन्ही हातांनी धरलेला, टोपी पडलेली, तोंड लालभडक. "माझ्याकडं बघू नकोस! पुढं बघ! रेट!"

आणि मी थांबले नाही.

आज इतक्या वर्षांनी ते सांगताना सुद्धा अंगावर काटा येतो. माझा माणूस मागं धडपडला होता आणि मी थांबले नाही. दोन्ही काठ्यांवर होता नव्हता तेवढा जोर टाकला. उजवा पाय, डावा हात. विमलताईंची धाप माझ्या कानात, माझी त्यांच्या. लाल फीत मोठी मोठी होत आली. मागं माणसांचा एकदम प्रचंड गलका उठला, तोच, आकाश फाटल्यासारखा. मला वाटलं हा माझ्यासाठी, आणि मी छाती पुढं काढून फितीत घुसले.

फीत गळ्यात आली. मी काठ्या वर केल्या आणि बघितलं.

कुणीच माझ्याकडं बघत नव्हतं.

सगळ्या माना मागं वळलेल्या. फीत धरणारे दोघे फीत हातात धरूनच मागं बघत होते. कुंभार सर शिट्टी तोंडात धरून पाठमोरे उभे होते. मी टाचा उंचावून बघितलं. कठड्याला एक हात लावून, एकेक पाऊल टाकत, आमचे हे चालत येत होते. माणसं दोन्ही बाजूंना सरून वाट देत होती. "पैलवान आलं! हिंदुराव पैलवान आलं!" शिट्ट्या काय, टाळ्या काय. यल्लाप्पाची हलगी पेटली होती.

मला आनंद व्हायला हवा होता. वर्षभर त्याच एका गोष्टीसाठी मी देव पाण्यात ठेवले होते. पण खरं सांगते, त्या क्षणी मला राग आला. इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. आजचा एक दिवस माझा होता. तेवढासुद्धा ह्यांनी घेतला.

"सर, माझी छाती आधी लागली," विमलताई धापा टाकत म्हणाल्या.

"न्हाई, माझी," मी म्हटलं.

कुंभार सर वळले. माझ्याकडं बघितलं, त्यांच्याकडं बघितलं, फितीकडं बघितलं. बिचाऱ्यांचं तोंड रडवेलं झालं. "ताई, काय सांगू... माझं लक्ष तिकडं गेलं. कुणी बघितलं का रं?"

फीतवाल्यांनी माना हलवल्या. पुढच्या रांगेतल्यांनी एकमेकांकडं बघितलं. एवढ्या मोठ्या गर्दीत एकानंही बघितलं नव्हतं.

"मी बघितलंया."

हे येऊन पोचले होते. कठडा संपला होता, आता एक हात यल्लाप्पाच्या खांद्यावर होता. कपाळावरनं घाम ओघळत होता, पाय थरथरत होता.

"शालन पुढं हुती," ते म्हणाले. "वीतभर."

"पैलवान, तुम्ही काय, नवरा तिचे," विमलताई म्हणाल्या. "आणि तुम्ही तर चालत होता. तुम्ही कसं बघितलं?"

"चालताना पायाकडं कोण बघतंय, बाई?" हे म्हणाले. "मी हिच्याकडं बघत हुतो. ही मागं वळंल, माझ्यासाठी थांबंल, म्हणून डोळं काढलंच न्हाईत. ती थांबली न्हाई. मग मलाच यावं लागलं."

गर्दी हसली. मी नाही हसले. माझा राग कुठं गेला, कळलं नाही. एवढी सगळी माणसं त्यांच्याकडं बघत होती आणि ते माझ्याकडं बघत होते. मी त्यांची एकही कुस्ती बघितली नाही. त्यांनी माझी बघितली, पार शेवटपर्यंत.

कुंभार सरांनी शेवटी दोघींना मिळून पहिलं केलं. विमलताई आणि मी अजून भांडतो त्यावरनं. आम्ही आता रोज बरोबर चालतो, त्याही काठ्या घेऊन, आणि महिन्यातनं एकदा तरी त्या म्हणतात, "पण आधी छाती माझीच लागली होती हं."

त्या दिवशी गर्दी पांगली तेव्हा आम्ही दोघं कठड्यावर बसलो. पाणी समोर लकाकत होतं. हे पाय पसरून आपल्या मांडीवरनं हात फिरवत होते.

"लागलं काय आपटताना?" मी विचारलं.

"लागलं की."

"मग रिक्षात बसा. यल्लाप्पा घेऊन येतोय गाडी."

"नको." त्यांनी हात पुढं केला. "दे त्या काठ्या हिकडं. माझ्या मापाच्या कर."

काठ्यांचं मळसूत्र फिरता फिरेना. काठ्या लांब केल्या, पट्टे त्यांच्या मनगटात अडकवले. एवढी रुंद मनगटं, पट्टे कसेबसे बसले. हे उठले. ताठ उभे राहिले, ते एवढे उंच आहेत हे मी विसरूनच गेले होते. आणि निघाले. यल्लाप्पानं रिक्षा आणली होती, त्याला त्यांनी मानेनंच मागनं यायला सांगितलं.

चार पावलं गेले आणि सगळाच घोळ झाला. उजवा पाय आणि उजवा हात एकदम पुढं, दोन्ही काठ्या एकदम रोवलेल्या, खांदे कानापर्यंत वर.

"अहो, तसं न्हाई!" मी भर रस्त्यात ओरडले. "उजवा पाय, डावा हात! आणि खांदं पाडा की!"

ते जागच्या जागी थांबले. माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता कडाडणार.

त्यांनी खांदे पाडले, डावा हात पुढं केला आणि म्हणाले, "व्हय, वस्ताद."